दुसऱ्या हाकेनंतर

१

पाणीवापर संस्थेचं ऑफिस म्हणजे बंधाऱ्याच्या काठावरची एक पत्र्याची खोली. आत एक टेबल, दोन खुर्च्या, घरघरणारा कूलर आणि भिंतीवर ठोकलेली एक करडी पेटी. ही पेटी फोन करायची. पांझरा नदीचं पाणी पाटातून ज्याच्या शेताकडे वळायचं असेल, त्याला ती पाळीच्या आधी फोन लावायची, नाव घेऊन हाक मारायची. समोरच्यानं 'ओ' देऊन एक नंबर दाबला, की निरोप पक्का.

पेटीतला आवाज चुडामण आबांचा होता. आबा गावाचे पाटकरी. पाणी आलं की पाटाच्या भरावावर उभं राहायचं आणि शेतकऱ्याला हाक मारायची, यात त्यांची उमर गेली. ते थकले तेव्हा संस्थेनं पेटी आणली आणि सगळी नावं त्यांच्याच तोंडून भरून घेतली. तीही पाटावर नेऊन. खोलीत बसून आबांना हाक मारताच येईना.

आता ते आवाज बदलायचे, असं पुनमनं ठरवलं होतं.

पुनम याच गावची. पाण्याचं शिक्षण घ्यायला ती पार नेदरलँड्सपर्यंत गेली होती. तिथल्या प्राध्यापकांनी एकदा फळ्यावर आपल्या पांझरेकाठच्या फड पद्धतीची आकृती काढली. एक बंधारा, एक पाट, आणि गावानंच गावाला वाटून दिलेलं पाणी. ती आकृती बघून भर वर्गात तिचे डोळे भरून आले होते. बरोबरचे तिकडेच नोकऱ्या शोधत राहिले, ही बॅग भरून परत आली. आल्या आल्या तिनं संस्थेचं काम अंगावर घेतलं, पेटीतली नावं ऐकली आणि तिचं डोकं तापलं. एकही नाव बाईचं नव्हतं. झुंबरबाईचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, शेत ती एकटी करते, आणि पेटी अजून तिच्या फोनवर नवऱ्यालाच हाक मारत होती.

"आपण मेलेल्या माणसाला पाणी घ्यायला बोलावतो," पुनम सभेत उभी राहून म्हणाली. "आणि ज्या जिवंत आहेत, राबतात, त्यांना नावच नाही."

सभेत कुणी वर बघितलं नाही, पण कुणी नाहीही म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आबा प्रत्येक नाव तीनदा घ्यायचे. एक हाक, मग दुसरी, मग लांबलचक थांबणं, मग तिसरी. लोकही तिसरी झाल्याशिवाय 'ओ' द्यायचे नाहीत. पेटी हाका मारत बसायची आणि पाणी शेताच्या तोंडावरून पुढे निघून जायचं.

धुळ्याहून हसीब आला. त्याचं फोन-कॉम्प्युटरचं दुकान, पेटी त्यानंच बसवलेली. लॅपटॉप उघडून त्यानं आबांची जुनी हाक लावली. मागे पाटाचं पाणी खळखळत होतं.

"उखर्डू ऊऽऽ... उखर्डू ऊऽऽ..."

मग ते थांबणं.

"ताई, इथं बघा." हसीबनं पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. आवाजाची रेघ वरखाली नाचत आली होती आणि दुसऱ्या हाकेनंतर एकदम सपाट झाली होती. तिसऱ्या हाकेला पुन्हा नाचायला लागली होती.

"थांबलेत ना ते," पुनम म्हणाली.

"आबा थांबले. पाणी का थांबलं?"

पुनमनं पुन्हा ऐकलं. खरंच, त्या मधल्या जागेत पाण्याचा आवाज नव्हता. पाखरू नाही, वारा नाही, काही नाही. तिनं दुसरं नाव लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे तेच. दुसऱ्या हाकेनंतर पाट गप्प.

"मशीन बारीक आवाज आपोआप दाबत असेल," हसीब म्हणाला. "स्वस्तातला रेकॉर्डर होता. कापून टाकतो, चालेल?"

"सगळंच काप. नवीन एकच हाक. स्वच्छ, माझ्या आवाजात."

त्या दुपारी तिनं नावं म्हटली. मग यादीत तिच्या वडिलांचं नाव आलं आणि ती अडली.

"प्रेमराज," हसीबनं आठवण करून दिली.

"मी कसं घेऊ नानांचं नाव? नुसतं, तोंडावर?"

"वा! बायकांना हाक पाहिजे म्हणून सभा गाजवली आणि बापाच्या नावाला लाजता." हसीब हसला. "सरका, मी म्हणतो. नानांना वाटेल विम्याचा एजंट बोलतोय."

त्यानं ते एक नाव त्याच्या आवाजात भरलं. बाकी सगळी पुनमच्या.

२

पहिली पाळी झकास गेली. पाण्याचा एक लोट वाया गेला नाही. झुंबरबाई फोन हातात धरून ऑफिसात आली आणि ज्याला त्याला सांगत सुटली, "फोनमा मनं नाव लिधं! मनं! लगीन व्हयनं तवपासून मनं नाव कोनीच लिधं नव्हतं."

फक्त नाना ऐकेनात. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर टाकून हातभर दूर धरायचे. पेटी हसीबच्या आवाजात एकदा हाक मारायची आणि नाना मख्खपणे पुढच्या दोन हाकांची वाट बघत बसायचे. त्यांच्या नावापुढे 'ओ' कधी पडतच नसे.

"नाना, आता एकच हाक आहे. एकीलाच 'ओ' द्यायची."

"तू एकच मार, नैतर शंभर मार," नाना म्हणायचे. "मी तिसरीनीच वाट देखसू. मना बापनी तशीच सवय लायेल शे."

"आणि पाणी निघून गेलं तर?"

"जाऊ दे. तुले तिकडे धाडं तवय लोके म्हने पोर गयी हातमाईन. उनीच ना परत?"

सगळ्या भाऊबंदांशी वाकडं घेऊन त्यांनी तिला पाठवलं होतं. आई गेल्यापासून घरात ही दोघंच.

मग पाट बंद झाला. एप्रिलच्या शेवटी बंधारा आटला, दारं पाडली, पेटीला काम उरलं नाही. आणि एका भर दुपारी झुंबरबाई घामाघूम होऊन ऑफिसच्या दारात उभी राहिली.

"काय वं माय, गंमत करस का? पानी नै, काही नै, आनि हाक मारस?"

"कुणी हाक मारली, काकू?"

"तूच. फोन वाजना, उचला. तुनाच आवाज. 'झुंबरबाई' म्हनं. मी ओ देवाले तोंड उघाडं, तोच तव्यावर भाकर करपनी. धावनू तिकडे. परत उनू तं फोन बंद. मी इतलं ऊन तुडवीसन वावरमा गयू. पाट कोरडा ठाक."

पुनमनं पेटी तपासली. त्या दिवशी पेटीनं एकही फोन केला नव्हता. झुंबरबाईच्या फोनमध्ये बघितलं, तिथंही आलेल्या फोनची नोंद नव्हती.

उन्हानं भास झाला असेल, पुनमनं स्वतःला सांगितलं. नाव ऐकायला आसुसलेली बाई. तिनं झुंबरबाईला माठातलं पाणी दिलं. झुंबरबाई पाणी पिऊन म्हणाली, "एक सांगू? फोनमा तुना मांगे काहीच आवाज नव्हता. पंखाना नै, पाखरूना नै. जशी तू हिरमाईन बोलत व्हती."

हिर म्हणजे विहीर. पुनम हसली, पण झुंबरबाई गेल्यावर तिनं कूलर बंद करून पाहिला. खोलीत एकदम शांतता पसरली आणि तिनं घाईनं तो परत चालू केला.

३

उखर्डूच्या बाबतीत भाकर करपली नाही.

तो पाटात बसलेला सापडला. कोरड्या पाटात, भर उन्हात, पाय लांब करून, जसं पाणी पायावरून वाहतंय. फोन मांडीवर. बायको भरावावरून हाका मारत होती आणि तो मान वळवत नव्हता. चौघांनी धरून उचलला तेव्हा मुकाट्यानं चालू लागला.

साक्रीच्या डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगितलं, सलाईन लावलं, सोडून दिलं. पुनम भेटायला गेली तेव्हा तो ओट्यावर बसून कांदा-भाकर खात होता. रंग ठीक, हात ठीक. बायको दारातून म्हणाली, "पोरेसना बाप... ओ!" तो खात राहिला. मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, जे ती एरवी कधी घेत नसे. मोठ्यानं, कानाजवळ. तो खात राहिला. ताट सरकवलं तर मात्र लगेच वर बघितलं.

"कान चांगला शे," ती म्हणाली. "मांजर उडी मारस तरी दचकस. नाव सोडी बठ्ठं बरोबर शे. आनि बोलत नै. एक शबद नै."

"त्या दिवशी काय झालं होतं, वहिनी?"

"तुना फोन उना. मी आठेच व्हतू. तू 'उखर्डू' म्हनं, त्यानी 'ओ' दिधी. एवढंच. मंग तो उठना आनि चालना."

पुनमला घरी येताना आपल्याच चपलांचा आवाज नकोसा झाला. तिनं हसीबला फोन लावला.

"आवाजाची नक्कल, ताई," हसीब म्हणाला. "आजकाल दोन-तीन वाक्यं मिळाली की कॉम्प्युटर हुबेहूब बोलतो. कुणीतरी हरामखोर तुमच्या आवाजात फोन करतोय. तुम्ही सभेत पुष्कळांच्या शेपटीवर पाय दिलाय."

"मग फोनमध्ये नोंद का नाही?"

"तेही करता येत असेल."

"असेल की येतं?"

हसीब हळूच म्हणाला, "एक बोलू? मी तुमचं रेकॉर्डिंग काल परत लावलं. प्रत्येक नावानंतर मी जागा सोडलीय, माणसानं 'ओ' द्यावी म्हणून. त्या जागेत कूलर चालू असायला पाहिजे. आपण कूलर चालू ठेवून बोललो होतो, आठवतंय?"

"मग?"

"रेघ सपाट आहे, ताई."

४

चुडामण आबांचं घर मारुतीच्या पाराजवळ. गेल्या वर्षी जळगावला त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. गळ्याशी पांढरं फडकं बांधून ते खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोला सगळं गाव अक्का म्हणतं. ती शेजारी शेंगा फोडत होती.

पुनमनं आपल्या फोनवर नवी हाक लावली. 'झुंबरबाई. तुमच्या पाण्याची पाळी आली आहे.'

आबांनी एक बोट वर केलं आणि वाट बघू लागले. मग त्यांनी पुनमकडे पाहिलं. पुढे?

"एकदाच, आबा. वेळ वाचावा म्हणून."

आबांचं बोट तसंच वर राहिलं.

तिनं जुनी हाक लावली. आबांच्याच जुन्या, दणदणीत आवाजात. पहिल्या हाकेला त्यांनी एक बोट दाखवलं, दुसरीला दोन. मग त्या मधल्या जागेत त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली आणि कान दिला. अंधारात कुणाची चाहूल घेतात तसा. पुनमच्या लक्षात आलं, की ते शेतकऱ्याची वाट बघत थांबत नव्हते. दुसरंच कुणी 'ओ' देतं का, ते ऐकत थांबत होते. तिसरी हाक आली तेव्हा त्यांनी तिसरं बोट उघडलं आणि छातीतला श्वास सोडला.

"अक्का, हे काय आहे?"

"मी बाहेरगावनी," अक्का शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. "माले सासूनी इतलंच सांगेल. पाटवर तिसरी हाक माणूसच मारस. तवर तोंड उघाडानं नै."

"आणि आधीच्या दोन?"

"त्या कोन्हाबी व्हवोत."

"पण का? कोण मारतं?"

"ते कोन इचारस?"

पुनमला राग आला. इतकं शिकून, इतक्या लांबून परत येऊन, उत्तर काय तर हे. ती आवाज चढवून म्हणाली, "आबा, एक माणूस खुळा झालाय तिकडे! उखर्डूदादाला काय..."

आबा झटकन पुढे वाकले आणि त्यांनी आपला तळहात तिच्या तोंडावर दाबला. हाताला तंबाखूचा वास होता. दुसऱ्या हातानं त्यांनी तिच्या गळ्याला, आवाज निघतो तिथं, अलगद स्पर्श केला आणि नकारार्थी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली.

उखर्डूचं नाव घेऊ नको म्हणताहेत, असं तिला वाटलं.

५

सकाळी हसीबनं आबांच्या जुन्या हाका धुळ्याहून पाठवल्या. पुनमनं ऑफिसात बसून आपला आवाज एकेक करून पुसला. उशीर का होईना, चूक दुरुस्त होत होती. बायकांची नावं आबा आता म्हणू शकणार नव्हते. ती कुणाकडून तरी तीन-तीनदा म्हणवून घेऊ, पाटावर नेऊन. तिनं पेटीचं बटण बंद केलं. प्लग काढला. वायर हातात धरून ती जरा वेळ उभी राहिली.

बाहेर दुपार पांढरीफटक झाली होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

नाना शेतातून जेवायला निघाले का, ते विचारायला तिनं फोन लावला. पलीकडे कंपनीच्या बाईचा गोड आवाज आला, 'आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता, ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत.' तिनं पुन्हा लावला. व्यस्त आहेत. नाना फोनवर कधी कुणाशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नसत. तिसऱ्यांदा व्यस्त आहेत म्हटल्यावर तिनं वायर टाकली आणि धावली.

पाटाच्या भरावावरून त्यांचं शेत जवळ पडतं. ती धावत होती आणि मन हिशेब मांडत होतं. मामाचा फोन असेल, बँकेचा असेल, आणि पेटी तर बंदच आहे. कडुलिंबाचं झाड दिसलं. झाडाखाली, पाटाच्या अगदी कडेला, नाना पाठमोरे उभे होते. फोन नेहमीसारखा हातभर दूर धरलेला. स्पीकरवर.

ती दम घ्यायला थांबली आणि तिला ऐकू आलं.

"प्रेमराज."

तिचा आवाज. स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. तिनं कधीही न घेतलेलं नाव.

नाना काही बोलले नाहीत. वाट बघत उभे राहिले.

"प्रेमराज."

आणि मग कडुलिंबावर घुमणारे होले गप्प झाले. दूरवर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता, तोही ऐकू येईनासा झाला. तिची स्वतःची धाप तिला छातीत जाणवत होती, पण कानात येत नव्हती.

नाना थांबलेले. नानांचं तोंड बंद. क्षणभर तिला इतकं हायसं वाटलं की रडू फुटलं. तिसरी झाल्याशिवाय ते 'ओ' देणार नव्हते. जन्मात दिली नव्हती. शंभर मार म्हणाले होते. फोनमधून तिसरी आली नाही, तर असेच संध्याकाळपर्यंत उभे राहतील.

पण नाना जरा पुढे झुकले, नीट ऐकू यावं म्हणून. त्यांचा एक पाय पाटाच्या कडेवरून आत गेला. कोरड्या पाटाच्या तळाशी, त्यांच्या सावलीशेजारी, आणखी एक सावली होती आणि ती झाडाची नव्हती. तीही झुकली.

"नाना!" पुनम ओरडली.

तिची हाक त्या शांततेत एखाद्या घंटेसारखी वाजली. स्वच्छ. तिच्याच आवाजात.

नानांचे खांदे सैल झाले. इतका वेळ वाट बघितलेली गोष्ट एकदाची मिळावी तसे. मागे न वळता, फोन तसाच समोर धरून, त्यांनी खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

"ओऽऽ!"

होले घुमू लागले. ट्रॅक्टर चालू लागला. नाना पाटात उतरले आणि बसले. पाय लांब केले.

ती घसरत खाली गेली. त्यांचे खांदे धरून हलवले. नाना म्हणाली, बाबा म्हणाली, नाव घेतलं, सख्ख्या बापाचं नाव पहिल्यांदा तोंडानं घेतलं. ते तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, शांतपणे. फोन काढून घेतला तर त्यांनी लगेच हाताकडे पाहिलं. फोन बंद होता. कधीचाच बंद असल्यासारखा गार.

आबांचा तंबाखूचा वास येणारा हात तिला आठवला. तिच्या गळ्याला लागलेली बोटं. कुणाचं नाव घेऊ नको, असं ते सांगत नव्हतेच. तिचा आवाजच आता दुसऱ्या कुणाचा झाला होता; तोंड उघडू नको, एवढंच ते सांगत होते.

तेवढ्यात पाटाच्या वरच्या अंगाला, बंधाऱ्याकडून, कुणीतरी तिला हाक मारली.

"पुनऽम..."

मधलं अक्षर लांबवायची ती लकब एकाच माणसाची होती. शाळेतून यायला उशीर झाला की दारात उभं राहून मारलेली हाक, विमानतळाच्या काचेपलीकडून मारलेली हाक. तिची 'ओ' जिभेच्या टोकावर आली. तिनं समोर पाहिलं. नाना तिच्या दोन हातांत होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

"पुनऽम..."

होले पुन्हा गप्प झाले.

पुनमनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि आयुष्यात कशाचीच बघितली नसेल तशी तिसरीची वाट बघू लागली.